लोणा, लोखंड आणि उथळ समुद्र

१२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला सूर्य मावळत असताना नौदलाच्या तीन जहाजांवरून तिरंगा, नौदलाचं निशाण आणि निवृत्तीची पताका शेवटच्या वेळी उतरवल्या गेल्या. चीता, गुलदार आणि कुंभीर ही ती तीन जहाजं. तिन्ही पोलंडमधल्या गदिनियाच्या गोदीत बांधलेली. त्यांतली गुलदार ३० डिसेंबर १९८५ रोजी नौदलात दाखल झाली होती. रणगाडे आणि सैनिक घेऊन यायचं, पुळणीवर नाक टेकवायचं, पुढचं दार उघडायचं आणि फौज उतरवायची, हे या जातीच्या जहाजांचं काम. त्यांना धक्का लागत नाही, बंदर लागत नाही. तिघांनी मिळून सुमारे १७ लाख सागरी मैल अंतर कापलं, १२,३०० हून अधिक दिवस समुद्रात काढले आणि १,३०० हून अधिक वेळा किनाऱ्यावर फौज उतरवली. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात ती कामाला होती, २००४ च्या त्सुनामीनंतर मदत पोहोचवायलाही ती धावली.

निवृत्त जहाज बहुतेक वेळा भंगारात जातं. गॅसकटरनं त्याचे तुकडे होतात आणि लोखंड वजनावर विकलं जातं. गुलदारसाठी वेगळं ठरलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला हे जहाज महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात आलं. लांबी सुमारे ८४ मीटर, वजन १,१२० टन. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, वेंगुर्ल्याच्या समुद्रात निवती रॉकजवळ ते तळाशी बसवायचं, त्यावर समुद्री जीव वसू द्यायचे आणि लोकांनी पाण्याखाली जाऊन ते पाहायचं, अशी ही योजना आहे. केंद्र सरकारनं त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले.

ही बातमी मी तेल्हाऱ्यात वाचली. इथून मालवण आठशे किलोमीटरहून लांब. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा, मधे कपाशी, तूर आणि हरभरा. या तालुक्यातल्या माणसाला बुडालेल्या जहाजाचं काय, असा प्रश्न मला गावात अनेकांनी विचारला. शेजारच्या काकू तर सरळ म्हणाल्या, "बुडालेलं पाहाले कायले जातं बाप्पा? तरलेलं पाह्य ना!" त्यांच्या बोलण्यात काळजी होती आणि ती खोटी नव्हती. मराठी माणसाच्या मनात बुडालेलं जहाज म्हटलं की 'रामदास' येते. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ज्या जहाजाबरोबर माणसं गेली ते जहाज थडगं असतं. तिथं हौसेनं जायचं नसतं, हे मी मान्य करूनच पुढचं लिहितो आहे.

पण सगळी बुडालेली जहाजं तशी नसतात. काही खडकावर आदळली आणि माणसं वाचली. काही जाणूनबुजून बुडवली. आणि त्यांतली काही इतक्या उथळ पाण्यात आहेत की धडधाकट, पोहता येणारा, चार दिवस शिकायची तयारी असलेला कुणीही तिथं पोहोचू शकतो. खोल समुद्र हा शास्त्रज्ञांचा आणि नौदलाचा. दहा-बारा मीटरचा समुद्र मात्र तुमचा-माझा होऊ शकतो. आमच्याकडे विहिरीची खोली परसांत मोजतात. त्या मापानं हे सहा-सात परस पाणी झालं. एवढं पाणी तर आमच्या आजोबांच्या विहिरीत उभं असायचं.

असं जहाज मी पाहिलं ते गोव्यात. वास्कोसमोरच्या समुद्रात ग्रांदे नावाचं बेट आहे. त्याच्या आसपास डायव्हिंगच्या ज्या जागा आहेत, त्यांत 'सुझीज रेक' सर्वांत प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं ब्रिटिश मालवाहू जहाज म्हणून ते सांगतात. बारा-चौदा मीटरपेक्षा ते खोल नाही, म्हणून शिकाऊ माणसालाही तिथं नेता येतं.

आधी तलावात सराव झाला. पाण्याखाली मुखवट्यात पाणी शिरलं तर नाकानं हवा सोडून ते कसं बाहेर काढायचं, तोंडातून श्वासनळी निसटली तर हात मागून पुढे फिरवून ती कशी शोधायची, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे श्वास कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला हे शेवटचं सगळ्यांत जड जातं. बुडी म्हणजे दम धरणं, हे अंगात भिनलेलं असतं. पण टाकीतल्या हवेनं श्वास घेणाऱ्यानं दम धरून वर येणं जिवावर बेतू शकतं. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर घेतलेली छातीभर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. ती जागा फुप्फुसात नसते. म्हणून श्वास चालू ठेवायचा, सावकाश वर यायचं, आणि जास्त खोल गेलो असू तर पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

शिकवणारा मुलगा मालवणचा होता, मच्छीमार घरातला. "घाबरूचा नाय, दादा," एवढंच तो दर थोड्या वेळानं म्हणायचा आणि प्रत्येक वेळी माझ्या हवेच्या काट्यावर नजर टाकायचा. बोलणं आणि नजर दोन्ही कामाची होती.

बोटीवरून दोर धरून खाली गेलो. पाणी हिरवं, आणि दिसायचं जेमतेम पाच-सहा मीटर. गोव्याच्या समुद्रात नद्यांचा गाळ असतो. लक्षद्वीप-अंदमानची निळाई इथं मिळत नाही, आणि चित्रफिती पाहून जाणाऱ्यानं ती अपेक्षा घरी ठेवून जावं. दर दोन-तीन हात उतरलं की कान दुखायला लागायचे. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारली की कानात 'टक' व्हायचं आणि दुखणं थांबायचं. माझ्या मनगटावर लाल गंडा होता. खाली जाता जाता तो तपकिरी झाला आणि तळाशी काळपट. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी सगळ्यांत आधी शोषून घेतं. पहिल्या काही मीटरांतच तो नाहीसा होतो. हाताला खरचटून रक्त आलं असतं तर तेही हिरवट-काळं दिसलं असतं.

आणि मग समोर एक मोठी गोल भिंत आली. बॉयलर. जहाजाचे पत्रे कोसळून वाळूत पसरले होते, फासळ्या वाकून पडल्या होत्या, पण बॉयलर उभा होता. बुडालेल्या आगबोटीत तो बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटपर्यंत टिकतो. वाफेचा दाब सोसण्यासाठी त्याचा पत्रा सगळ्यांत जाड केलेला असतो, आणि जे वाफेसाठी केलं तेच समुद्राविरुद्धही कामी येतं. मी त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर थांबलो. नळ्यांची भोकं ओळीनं दिसत होती. एका भोकातून बोटाएवढा मासा तोंड काढून पाहत होता. त्याच्या खालच्या भोकात कालवांनी इतकी दाटी केली होती की ते बुजलंच होतं. लोखंड म्हणून जे हाताला लागलं असतं ते कुठंच उघडं नव्हतं. त्यावर कालवं, स्पंज, नळीत राहणारे किडे आणि चुन्याचे थर एकावर एक चढलेले. बॉयलरच्या सावलीत एक गोबरा कल्ले हलवत जागेवर स्थिर होता. पत्र्याच्या कडेला उलटा लटकलेला, पट्ट्यापट्ट्यांचा लायनफिश, ज्याच्या काट्यांत विष असतं. वर, अंधुक उजेडात, तांबोशांचा थवा एकाच दिशेला तोंड करून थांबलेला.

तेवढ्यात आमच्यातल्या एकाचा पायपंखा एका पत्र्याला लागला. पत्र्यावरून तपकिरी भुकटीचा ढग उठला आणि काही क्षण सगळं दिसेनासं झालं. ढग बसला तेव्हा पत्र्यावर तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. तिथलं आवरण निघालं होतं आणि आत काळं-नारिंगी गंजकं लोखंड दिसत होतं. त्या तळहाताएवढ्या आवरणाला किती वर्षं लागली असतील, याचा विचार मी वर येईपर्यंत करत होतो.

उथळ जहाजाचा धोका इथंच आहे. खोलातल्या जहाजाला खोलीच राखते. उथळ जहाजाला राखणारं कुणी नसतं. त्यावर लाटा पोहोचतात, नांगर पोहोचतात, जाळी पोहोचतात, आणि आता पर्यटकही पोहोचतात.

किनाऱ्यावर आल्यावर मी गोव्यातलंच दुसरं एक जहाज वाचायला घेतलं, जे मी पाहिलेलं नाही, पण ज्याच्याबद्दल विचार करणं मला थांबवता येत नाही. सुंची रीफ. पाणी फक्त तीन ते सहा मीटर. इतक्या उथळ जागी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचं काम उभं केलं. द्वारकेचं त्यांचं काम बहुतेकांना ऐकून माहीत असतं. त्याच परंपरेतल्या सिला त्रिपाती, ए. एस. गौर, सुंदरेश या संशोधकांनी सुंचीची खडकाळ जागा हातानं चाचपून काढली. मिळालं ते असं: लोखंडी तोफा, तोफगोळे, बंदुकीची नळी, चिनी मातीची भांडी, मार्तबानहून आलेले मोठे रांजण, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात.

ही यादी सावकाश वाचावी लागते. हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात आफ्रिकेचे. मार्तबान हे ब्रह्मदेशातलं बंदर. चिनी माती चीनची. एका जहाजाच्या पोटात अरबी समुद्र आणि हिंदी महासागराचे दोन्ही काठ होते, आणि ते गोव्याच्या तोंडाशी येऊन बुडालं. आमच्या शाळेच्या पुस्तकात वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला आणि लगेच पुढच्या पानावर १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला. व्यापार कसा चालायचा, कुठला माल कुठं जायचा, हे त्या दोन तारखांच्या मधे कुठंच नव्हतं. ते तीन मीटर पाण्याखाली पडून होतं.

जहाज म्हणजे लाकडी सांगाडा मात्र सुंचीला फारसा उरलेलाच नाही. उष्ण समुद्रात लाकूड टिकत नाही. टेरेडो नावाचा प्राणी ते आतून पोखरतो. दिसायला तो अळीसारखा असला तरी जात शिंपल्याची. बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट असल्यानं तिथं तो फारसा नसतो, म्हणून तिथं शेकडो वर्षांपूर्वीची अख्खी लाकडी जहाजं मिळतात. आपल्याकडे माल उरतो, तोफा उरतात, मडकी उरतात.

आणि ती मडकी वर काढली की काय होतं, हे समजायला तेल्हाऱ्याच्या माणसाला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. पूर्णेच्या दोन्ही काठांना अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आमचाच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना गोडं पाणी, आणि दक्षिणेकडे पूर्णेकडे सरकावं तसं विहिरीचं पाणी खारट. ते ना पिण्याचं, ना ओलिताचं. वान धरणाचं पाणी नळयोजनेनं त्या गावांत पोहोचलं तेव्हा तिथल्या बायकांची वणवण कमी झाली. त्या गावांत कुठल्याही जुन्या घराची भिंत पाहा. खालच्या हातभर भागातल्या विटांना लोणा लागलेला असतो. विटेत शिरलेलं खारं पाणी वाळतं, मीठ मागं राहतं, त्याचे खडे बनतात, ते फुगतात आणि विटेचे पापुद्रे पाडतात. भिंत बाहेरून कुणी खरवडल्यासारखी दिसते, पण खरवडणारं आतच असतं.

समुद्रातून काढलेल्या रांजणाचं नेमकं हेच होतं. चारशे वर्षं मिठात मुरलेलं मातीचं भांडं कुणी घरी नेलं आणि उन्हात ठेवलं, तर त्यातलं पाणी जातं, मीठ गोठतं आणि वरची झिलई कपचे सुटून गळते. लोखंडी तोफेचं तर त्याहून वाईट. समुद्रात तिच्यावर चुन्याचं कवच चढलेलं असतं आणि आत क्षार भिनलेले असतात. ती नुसती वाळू दिली तर ते क्षार गंज इतक्या वेगानं वाढवतात की तोफ भेगाळून तिचे पापुद्रे सुटतात. म्हणून अशा वस्तू काढल्यावर ओल्याच ठेवतात, भांडी गोड्या पाण्यात आणि लोखंड गंज रोखणाऱ्या द्रावणात बुडवून, ते बदलत बदलत, मीठ हळूहळू बाहेर काढतात. भांड्यांना महिने लागतात, मोठ्या तोफांना वर्षं.

म्हणून समुद्रातली वस्तू आठवण म्हणून उचलून आणणारा माणूस ती वस्तू वाचवत नाही, तिचा शेवट करतो. कायदाही हेच सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती मजेखातर उचलून न्यायची वस्तू नसते. पण कायद्याच्या आधी मला भिंतीचा लोणा पटतो. खारपाणातल्या माणसाला हे एका वाक्यात समजावता येतं, आणि मला वाटतं की पाण्याखालच्या वारशाची जपणूक कोकणात जेवढी शिकवायला हवी तेवढीच इथंही शिकवायला हवी. कारण इथून निघणारी सहलीची बस तिथंच जाते.

गोव्यातलंच सेंट जॉर्ज रीफ या बाबतीत बोलकं आहे. तिथल्या जहाजातून 'बासेल मिशन टाइल वर्क्स' आणि १८६५ असा शिक्का असलेली कौलं मिळाली. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला होता. त्याच मालात कोरिंथियन घाटाच्या खांबांचे मातीचे शिरोभाग होते. मंगळुरी कौलं अकोल्याच्या जुन्या बंगल्यांवरही चढली. कुठल्या तरी घराच्या माथ्यावर जायला निघालेली ही कौलं समुद्रतळाला राहिली. ती तिथून हलवली गेली असती आणि एकेक करून वाटली गेली असती, तर जहाजातला माल कुठला, साधारण कुठल्या काळातला, हे कुणालाच कळलं नसतं.

आता परत गुलदारकडे. जहाज बुडवणं म्हणजे ते पाण्यात सोडून देणं नाही. आधी त्यातलं इंधन, तेल, वंगण, विषारी रंग, विजेच्या तारांचं आवरण, सुटं प्लास्टिक, काच सगळं काढावं लागतं. माणूस आत शिरला तर अडकू नये म्हणून धोकादायक दारं बंद करावी लागतात आणि बाहेर पडायच्या वाटा मोठ्या कराव्या लागतात. मग ते सरळ उभं बसेल असं बुडवावं लागतं. कलंडलं तर डायव्हरची दिशाभूल होते. अमेरिकेनं २००६ मध्ये ओरिस्कनी ही विमानवाहू नौका फ्लोरिडाजवळ अशीच बुडवली. तिच्या सफाईत जुन्या तारांतल्या घातक रसायनांवर वर्षानुवर्षं चर्चा झाली. सफाई ही अशा कामातली सगळ्यांत खर्चिक आणि सगळ्यांत कमी दिसणारी बाब. माझं स्पष्ट मत आहे की या योजनेत पैसा कुठं कमी पडणार असेल तर तो रंगरंगोटीत पडावा, सफाईत नाही.

निवतीजवळचा परिसर आधीच जिवंत आहे. वेंगुर्ला रॉक्सवर दीपगृह आहे. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. त्या घरट्यांना परदेशात खाण्यासाठी मोठी किंमत मिळायची, म्हणून त्यांची चोरटी तस्करी झाली आणि मग स्थानिक निसर्गप्रेमींनी ती रोखण्यासाठी बरीच वर्षं काम केलं. उत्तरेला मालवणचं सागरी अभयारण्य, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंग गेली काही वर्षं रोजगार झालं आहे, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्थाच आहे.

बुडवलेल्या जहाजामुळे मासे वाढतात की आसपासचे मासे तिथं नुसते गोळा होतात, यावर शास्त्रज्ञांत अनेक दशकं वाद आहे. उत्तर बहुधा दोन्ही आहे. पिलांना लपायला जागा मिळाली तर ती जगतात. पण विखुरलेले मासे एका ठिकाणी आले आणि तिथंच जाळं लागलं, तर ते जहाज माशांच्या नाशाचं कारण होतं. म्हणून अशा जहाजाभोवती मासेमारी थांबवणं आवश्यक. आणि ती थांबवायची तर ज्या छोट्या मच्छीमारांनी ती जागा सोडली, त्यांना तिथल्या पर्यटनात बोटीचं, वाटाड्याचं, शिकवण्याचं काम आधी मिळालं पाहिजे. नाहीतर अभयारण्याबद्दल मालवणात जशी वर्षानुवर्षं नाराजी राहिली, तशीच इथंही राहील.

इंडोनेशियात बालीच्या तुलांबेन गावात लोकांना असं काम मिळालेलं दिसतं. जानेवारी १९४२ मध्ये लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं निकामी झालं. ते ओढत तुलांबेनच्या किनाऱ्याला लावलं. एकवीस वर्षं ते पुळणीवर पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आता त्याचा वरचा भाग जेमतेम पाच मीटर पाण्यात आहे. किनाऱ्यावरून पोहत जाऊन नुसत्या मुखवट्यानंही ते दिसतं. गावातल्या बाया डायव्हरच्या हवेच्या जड टाक्या डोक्यावर घेऊन दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरून नेतात. त्यावर त्यांचा संसार चालतो. जहाज त्यांच्या गावाचं झालं आहे, म्हणून ते राखलं जातं.

पण समुद्रातलं जहाज आपलं व्हायचं तर आधी पोहता यायला हवं, म्हणून इथं मला तेल्हाऱ्याच्या एका गोष्टीबद्दल बोलायचंच आहे. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात पोट्टे वावरातल्या विहिरीत पवायला जायचे. पाठीला रिकामा डबा बांधायचा, दोर कमरेला, वर मामा किंवा काका. पंधरा दिवसांत पोरगं पवायला लागायचं. नंतर मुटका, सूर, तळाची माती आणून दाखवायची पैज. विहीर हाच आमचा तरणतलाव. मग बोअर आले. पाणी खाली गेलं, विहिरी कोरड्या पडल्या, काही बुजवल्या, काहींवर काटेरी झुडपं वाढली. बोअरमध्ये पवता येत नाही. सहा इंचांच्या भोकात पंप उतरतो, पोरगं उतरत नाही. एक अख्खी पिढी पोहायला न शिकताच मोठी झाली. आणि मग हीच पोरं पावसाळ्यात वारी या गावी वान नदीच्या डोहावर जातात, किंवा सहलीला समुद्रावर जातात आणि लाटेत उतरतात. बुडण्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. त्या बातम्यांत पोहता येत नव्हतं हे एक वाक्य जवळजवळ प्रत्येक वेळी असतं.

म्हणून मला वाटतं की निवतीच्या जहाजाची बातमी वाचून इथल्या एखाद्या शिक्षकानं मुलांना आधी पोहायला नेलं पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी तरणतलाव, पोहायला शिकवणारा माणूस, मुलींसाठी वेगळी वेळ, एवढं झालं तर समुद्राचं दार आपोआप उघडतं. कोकणात कोट्यवधी रुपयांचं संग्रहालय पाण्याखाली उभं राहणार आणि विदर्भातली मुलं ते काठावरून पाहणार, हे मला मान्य होत नाही. ते जहाज त्यांचंही आहे.

ज्यांना पोहता येतं आणि जायचं आहे त्यांच्यासाठी. नागपूर–मडगाव गाडी अकोल्यावरून जाते आणि कुडाळला थांबते. ती रोज नसते, म्हणून ती चालू आहे का आणि कोणत्या वारी, हे पाहून आरक्षण करावं. पाणी सगळ्यांत स्वच्छ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात सगळं बंद असतं आणि ते बंदच असावं. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं आणि शिकवणाऱ्यापासून काही लपवू नये. सर्दी असताना उतरू नये, कान उघडत नाहीत. मुलांना साधारण दहा वर्षांपासून शिकवतात. एका दिवसाच्या अनुभवात बारा मीटरपेक्षा खोल नेत नाहीत. पूर्ण शिकल्यावरही पहिल्या परवान्याला मर्यादा अठरा मीटरची. हातमोजे घालू नयेत, म्हणजे कशालाही हात लावायचा मोह होत नाही. पाय सरळ आणि मंद हलवावेत. आणि ज्या दिवशी पाण्यात उतरलात त्या दिवशी विमान पकडू नये, आंबोली घाटही चढू नये. अंगात साचलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि साडेसहाशे-सातशे मीटरची उंची तेवढ्या लवकर अंगाला नको. वेंगुर्ल्याला किंवा मालवणला रात्रीचा मुक्काम करावा, आणि सकाळी निघावं.